तणमोराची वही : पक्ष्यांचा अभ्यास विद्यापीठात कसा आला



संयोजकांनी विषय दिला तेव्हा आमच्या घरात हशा पिकला. आयुष्यभर तर्कशास्त्र आणि भारतीय दर्शनं शिकवलेल्या माणसाने इंझोरीला जाऊन पक्ष्यांवर काय बोलायचं? आम्हाला पक्षी फार ओळखू येत नाहीत, हे आधीच कबूल करतो. चष्म्याचा नंबर वाढल्यापासून तर तितर आणि लावा यांतही गल्लत होते. तरी आम्ही आलो, त्याची दोन कारणं आहेत. पक्षी अभ्यासाचा इतिहास हा मुळात एका जुन्या प्रश्नाचा इतिहास आहे : एखादी गोष्ट खरी आहे हे आपल्याला कसं कळतं, आणि दुसऱ्याला ते कसं पटवायचं? हा प्रश्न आमच्या विषयातला आहे. दुसरं कारण म्हणजे आमच्यावरचं एक जुनं ऋण. ते फिटणारं नाही, पण कबूल तरी करावं म्हणून आलो. त्याच्याकडे ओघाने येऊच.

सुरुवात न्यायदर्शनातल्या एका उदाहरणापासून करू. शहरातला एक माणूस आहे. त्याने गवय नावाचा प्राणी कधी पाहिलेला नाही. रानात राहणारा माणूस त्याला सांगतो, गवय गाईसारखा असतो. पुढे शहरी माणूस रानात जातो, गाईसारखं पण गाय नसलेलं जनावर बघतो आणि त्याला कळतं की हाच तो गवय. नैयायिकांनी या ज्ञानाला उपमान असं वेगळं प्रमाण मानलं. आता बघा, पक्षी ओळखण्याचं पुस्तक हातात घेऊन जो मुलगा माळावर जातो तो हेच करत असतो. चिमणीपेक्षा मोठा, मैनेपेक्षा लहान, शेपटी अशी, भुवई तशी. हे सगळं उपमानच आहे, दोन हजार वर्षांपूर्वीचं.

आम्ही हे उदाहरण वर्गात तीस-पस्तीस वर्षं शिकवलं. शहरी माणसाला ज्ञान कसं झालं यावर तासन्‌तास बोललो. पण ज्याने सांगितलं तो रानातला माणूस कोण, त्याचं नाव काय, याचा विचार आमच्या मनात एकदाही आला नाही. ग्रंथांतही त्याला नाव नाही. आजच्या इतिहासात हा बिननावाचा माणूस आपल्याला पुन्हा पुन्हा भेटणार आहे.

मुंबई विद्यापीठ १८५७ साली स्थापन झालं. तिथे भाषा, गणित, कायदा, वैद्यक असे विषय होते. पक्षी नव्हते. पक्ष्यांचा अभ्यास तेव्हा इंग्रज अधिकाऱ्यांचा फावल्या वेळातला उद्योग होता. त्यातलं सर्वांत मोठं नाव ॲलन ऑक्टेव्हियन ह्यूम. हो, राष्ट्रीय सभेच्या स्थापनेत पुढाकार घेणारे तेच ह्यूमसाहेब. त्यांनी 'स्ट्रे फेदर्स' नावाचं पक्ष्यांवरचं नियतकालिक काढलं. देशभरातले अधिकारी त्यांना पक्ष्यांची कातडी, अंडी, घरटी पाठवत. सिमल्याच्या त्यांच्या घरात ८०,०००हून अधिक नमुने जमा झाले होते. भारतातल्या पक्ष्यांवर मोठा ग्रंथ लिहायचा म्हणून त्यांनी वर्षानुवर्षं टिपणं काढली. आणि १८८०च्या दशकाच्या सुरुवातीला, ते घरी नसताना, ती टिपणं कुणीतरी बाजारात रद्दी म्हणून विकून टाकली. ह्यूम यांचं मन त्यानंतर या कामातून उडालं. १८८५मध्ये त्यांनी सगळा संग्रह ब्रिटिश म्युझियमला देऊन टाकला. कातडी वाचली, पण ती कुठे, केव्हा, काय करताना दिसली याबद्दलचं लिखाण बरंचसं गेलं. ही रद्दी लक्षात ठेवा.

त्याच सुमारास, १५ सप्टेंबर १८८३ रोजी, मुंबईत आठ जणांनी एकत्र येऊन बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन केली. या आठांत दोन आपले मराठी डॉक्टर होते : प्रार्थना समाजाचे डॉ. आत्माराम पांडुरंग आणि डॉ. सखाराम अर्जुन. ही गोष्ट आपल्याकडे फारशी सांगितली जात नाही. समाजसुधारणा आणि निसर्गाचा अभ्यास या दोन गोष्टी त्या पिढीला परक्या वाटत नव्हत्या. दोन्हींत नुसत्या ऐकीव गोष्टीवर न थांबता स्वतः तपासून बघायचं असतं. पण सोसायटी म्हणजे विद्यापीठ नव्हे. तिथे परीक्षा नव्हती आणि पदवीही नव्हती. ज्याला हौस आहे त्याने यावं, बघावं आणि लिहावं.

याच सोसायटीच्या दारात १९०८च्या सुमारास एक बारा वर्षांचा मुलगा आला. त्याने छऱ्याच्या बंदुकीने एक चिमणी मारली होती. तिच्या गळ्यावर पिवळा डाग होता. ही कोणती चिमणी, एवढंच त्याला विचारायचं होतं. सोसायटीचे सचिव मिलार्ड यांनी त्याला उत्तर दिलं, आणि शिवाय कपाटं उघडून भारतातल्या पक्ष्यांचे नमुने दाखवले. तो मुलगा म्हणजे सालिम अली. ही गोष्ट तुमच्या पाठ्यपुस्तकात असेल. तिचा पुढचा भाग मात्र कमी सांगितला जातो, आणि आमच्या विषयाला तोच महत्त्वाचा आहे.

सालिम अलींकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. कॉलेज अर्धवट सोडून ते ब्रह्मदेशात गेले, परत आले, मग सेंट झेवियर्स कॉलेजात प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. पण हातात पदवी नाही म्हणून सरकारी प्राणिशास्त्र खात्यात पक्षीतज्ज्ञाची जागा मिळाली नाही. १९२६मध्ये मुंबईच्या प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियममध्ये मार्गदर्शक व्याख्याता म्हणून नोकरी लागली. शिकायला जावं तर देशात जागा नव्हती. अमेरिकेत कॉर्नेल विद्यापीठात आर्थर ॲलन यांनी १९१५मध्येच पक्षीशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली होती. आपल्याकडे तसं काही नाही, म्हणून सालिम अली रजा घेऊन बर्लिनला गेले आणि तिथल्या विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली शिकले. १९३०मध्ये परत आले तेव्हा कळलं की पैसे नाहीत म्हणून म्युझियममधली त्यांची जागाच रद्द झाली आहे.

म्हणजे वय चौतीस, पदरी संसार आणि नोकरी गेलेली. ते बिऱ्हाड घेऊन अलिबागजवळ किहीमला राहायला गेले. घराजवळ सुगरणींची वसाहत होती. ती ते बघत बसले, एक पूर्ण पावसाळा. सुगरण आपल्यापैकी कुणी पाहिली नाही? विहिरीवर वाकलेल्या बाभळीला लोंबणारे खोपे आपण लहानपणापासून बघतो. खोप्याचं कौतुक करून आपण पुढे जातो. सालिम अली पुढे गेले नाहीत. रोज कोणता नर काय करतो हे ते लिहीत राहिले. त्यातून दिसलं ते असं. खोपा विणतो तो नर. तो खोपा अर्धा झाला की थांबतो. मग माद्या येतात, आत शिरून तपासतात, नापसंत असेल तर निघून जातात. एखादीला पसंत पडला की मगच नर तो पुरा करतो, खाली नळीसारखं दार लावतो. ती अंड्यांवर बसली की हा दुसरा खोपा विणायला घेतो, दुसऱ्या मादीसाठी. १९३१मध्ये सोसायटीच्या जर्नलमध्ये हा लेख छापून आला.

पक्षी मारून, कातडी काढून, मोजमाप करून कपाटात ठेवणं हे ह्यूमच्या काळचं शास्त्र होतं. किहीमला त्याची दिशा बदलली. जिवंत पक्षी काय करतो, हा प्रश्न पुढे आला. कपाटातला नमुना एकदा बघून भागतं. वर्तन बघायचं तर रोज जावं लागतं, आणि रोजचं रोज लिहावं लागतं.

पुढे मुंबई विद्यापीठाने सोसायटीला संशोधनातून एम.एस्सी. आणि पीएच.डी. करण्याचं केंद्र म्हणून मान्यता दिली, आणि ज्यांच्याकडे पदवी नव्हती तेच सालिम अली पदवीच्या विद्यार्थ्यांचे मार्गदर्शक झाले. त्यांच्या सुरुवातीच्या विद्यार्थ्यांत व्ही. सी. आंबेडकर होते. त्यांचा विषय काय असावा? सुगरण! 'सम इंडियन वीव्हर बर्ड्‌स' हे त्यांचं पुस्तक १९६४मध्ये मुंबई विद्यापीठानेच प्रसिद्ध केलं. किहीमच्या बेकार माणसाने जे एकट्याने पाहिलं, ते विद्यार्थ्याने पुन्हा पाहिलं, वाढवलं, तपासलं. आमच्या मते आपल्याकडे पक्ष्यांचा अभ्यास विद्यापीठात आला तो इथे. दारावरची पाटी बदलली हे त्यात दुय्यम आहे. एकाने लिहिलेलं दुसऱ्याने तपासायचं ही शिस्त तिथे लागली, हे मुख्य.

कुणी म्हणेल, तपासायची एवढी गरज काय? मोठ्या माणसाने सांगितलं ते खरंच असणार. यावर एक गोष्ट सांगतो. ती आपल्याच महाराष्ट्रातली आहे.

रानपिंगळा नावाचं एक लहान घुबड. १८७३मध्ये ह्यूम यांनीच त्याचं शास्त्रीय वर्णन केलं. जेम्स डेव्हिडसन नावाच्या अधिकाऱ्याने खानदेशात त्याचे काही नमुने गोळा केले, शेवटचा १८८४मध्ये. त्यानंतर रानपिंगळा दिसला नाही. संग्रहालयांत मात्र १९१४ सालचा एक नमुना होता, गुजरातमधल्या मांडवीचा, कर्नल मायनर्ट्झहेगन यांनी दिलेला. हे कर्नल म्हणजे जगभर दबदबा असलेले पक्षीतज्ज्ञ. त्यांच्या शब्दावर शंका कोण घेणार? तो नमुना जमेस धरूनच रानपिंगळ्याचा शोध घेतला गेला, आणि तो सापडला नाही.

१९९०च्या दशकात पामेला रासमुसेन या अमेरिकन संशोधक महिलेने जुने नमुने एकेक करून तपासले. कर्नलांचा नमुना त्यांनी बारकाईने पाहिला तेव्हा लक्षात आलं, आत भरलेल्या कापसापासून टाक्यांपर्यंत खुणा डेव्हिडसनच्या हाताच्या आहेत. कर्नलांनी संग्रहालयातून जुना नमुना लांबवला, पुन्हा भरला आणि स्वतःची चिठ्ठी लावली. त्यांच्या संग्रहातली अशी कितीतरी चोरी नंतर उघड झाली. मग रासमुसेन यांनी खोटं ठिकाण बाजूला ठेवलं, खऱ्या नमुन्यांची ठिकाणं घेतली, साध्या पिंगळ्यापेक्षा हा कसा वेगळा दिसेल याचा नीट अभ्यास केला, आणि दोन सहकाऱ्यांबरोबर भारतात आल्या. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी शहाद्याजवळ, सातपुड्याच्या पायथ्याशी, दिवसाढवळ्या एका झाडावर रानपिंगळा बसलेला त्यांना दिसला. ११३ वर्षांनी. त्यानंतर सोसायटीच्या फराह इश्तियाक आणि असद रहमानी यांनी त्याचा पद्धतशीर शोध घेतला आणि आपल्या मेळघाटातही तो असल्याचं नोंदवलं. पुढे २०१४मध्ये तो मुंबईजवळच्या तानसा अभयारण्यातही दिसला.

या गोष्टीत आमच्या विषयातलं दुसरं प्रमाण आहे : शब्द. दुसऱ्याच्या सांगण्यावरून होणारं ज्ञान. जगातलं आपलं बहुतेक ज्ञान असंच असतं. पण सांगणारा आप्त असावा लागतो. आप्त कोण? वात्स्यायनाने न्यायभाष्यात सांगितलं आहे की ज्याने ती गोष्ट स्वतः जाणली आहे आणि जशी पाहिली तशीच सांगायची ज्याची इच्छा आहे, तो आप्त. आणि पुढे त्याने एक फार मोठी गोष्ट म्हटली आहे. हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या तिघांनाही सारखंच लागू आहे. म्हणजे विश्वास ठेवायचा तो कुळ, हुद्दा किंवा पदवी बघून नव्हे. कर्नल आप्त नव्हते, त्यांचा हुद्दा केवढाही असो. आणि रानपिंगळा दिवसा झाडावर बसलेला बघणारा सातपुड्यातला एखादा गुराखी आप्त होता, पण त्याला कुणी विचारलंच नव्हतं.

आता जपून ठेवलेल्या नोंदीचं मोल काय असतं ते बघू. तुमच्यापैकी चाळिशीच्या पुढच्या लोकांनी गिधाडं पाहिली आहेत. गावाबाहेर मेलेलं ढोर टाकलं की तासाभरात आभाळ भरून यायचं. आज मुलांना गिधाड चित्रात दाखवावं लागतं. ती गेली केव्हा, हे कुणाला सांगता येतं का? नाही येत. रोज दिसणारी गोष्ट कुणी मोजत नाही.

पण एकाने मोजली होती. विभू प्रकाश नावाचे संशोधक १९८०च्या दशकात भरतपूरला शिकारी पक्ष्यांवर पीएच.डी. करत होते. प्रबंधासाठी त्यांनी गिधाडांचीही गणना केली. तेव्हा गिधाडं मुबलक होती, ती मोजणं अनेकांना वेळेचा अपव्यय वाटला असेल. दहा-बारा वर्षांनी ते त्याच जागी परत गेले, पुन्हा मोजलं, आणि पायाखालची जमीन सरकली. १९९०च्या दशकाच्या सुरुवातीला देशभर रस्त्यांवरून जाताना केलेली गणनाही हाताशी होती. तीही पुन्हा केली गेली. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची संख्या १९९२ ते २००७ या काळात ९९.९ टक्क्यांनी घटल्याचं त्यातून दिसलं. हजारातलं एक उरलं. कारण २००४मध्ये पाकिस्तानात झालेल्या संशोधनातून कळलं. गुरांना दुखण्यावर देतात ते डायक्लोफिनॅक हे औषध. औषध दिलेलं जनावर मेलं आणि गिधाडाने ते खाल्लं की त्याचे मूत्रपिंड निकामी होतात. २००६मध्ये भारत सरकारने जनावरांसाठी त्या औषधाच्या उत्पादनावर बंदी आणली.

आधीची गणना नसती तर? गिधाडं कमी झाल्यासारखी वाटतात, एवढंच लोक म्हणत राहिले असते. वाटण्यावर कोणतंही सरकार औषध बंद करत नाही.

आणि आता आपल्या माळावर येऊ.

इंझोरीच्या अवतीभवती अडाण नदीचं खोरं, पलीकडे कारंजा-सोहोळचं काळविटांचं अभयारण्य, मध्ये वावरं आणि कुठे कुठे उरलेली ई-क्लासची गवताळ जमीन. या वऱ्हाडच्या माळांवर पावसाळ्यात येणारा एक पक्षी म्हणजे तणमोर. माळढोकाच्या कुळातला, पण कोंबडीएवढा. पावसाळ्यात नराचा रंग काळा-पांढरा होतो, डोक्यामागे पिसांचे बारीक तुरे येतात. गवत कमरेएवढं वाढलेलं असतं, त्यात मादीला तो दिसणार कसा? म्हणून तो जागच्या जागी उडी मारतो, दीड-दोन मीटर उंच, क्षणभर गवतावर दिसतो आणि पुन्हा आत. दिवसभरात अशा ५००पर्यंत उड्या नोंदल्या गेल्या आहेत. रवी शंकरन या तरुणाने सोसायटीच्या माध्यमातून मुंबई विद्यापीठात या पक्ष्याच्या विणीच्या काळातल्या वर्तनावर प्रबंध लिहिला, १९९१मध्ये. हा गुणी माणूस २००९मध्ये अकाली गेला. २०२१मध्ये तणमोराला जागतिक यादीत 'अतिसंकटग्रस्त' या वर्गात टाकलं गेलं. त्यानंतरची पायरी म्हणजे निसर्गातून नामशेष.

तणमोराच्या अभ्यासात आमचं तिसरं प्रमाण येतं : अनुपलब्धी. टेबलावर घागर नाही हे मला कसं कळतं? दिसत नाही म्हणून. पण कुमारिल भट्टांच्या परंपरेतले मीमांसक इथे एक अट घालतात. असती तर दिसलीच असती, अशी परिस्थिती हवी. अंधारात घागर दिसली नाही म्हणजे ती नाही असं ठरत नाही. जानेवारीत माळावर जाऊन तणमोर दिसला नाही, म्हणून तो इथे नाही असं कुणी लिहिलं तर ते चूक. तो एरवी दिसतच नाही. पावसाळ्यात, योग्य वेळी, योग्य गवतात, पुन्हा पुन्हा जाऊन उडी दिसली नाही, तरच नाही म्हणता येतं. आज विद्यापीठात विद्यार्थ्यांना पक्ष्यांची गणना शिकवतात तेव्हा हेच शिकवतात : किती दिसले एवढं पुरत नाही, असते तर दिसण्याची शक्यता किती होती तेही सांगा.

हे सगळं आम्ही पुस्तकातून शिकलो का? नाही. आम्हाला ते एका विद्यार्थ्याने सांगितलं होतं. आणि इथे ते ऋण येतं.

१९८८-८९ची गोष्ट असेल. आम्ही तेव्हा एका कॉलेजात शिकवत होतो. तर्कशास्त्राच्या वर्गात मागच्या बाकावर एक मुलगा बसायचा. कोरडवाहू शेतकऱ्याचा पोरगा, बोलणं अस्सल वऱ्हाडी. आम्ही अनुपलब्धी शिकवली त्या दिवशी तो तासानंतर आला आणि म्हणाला, "सर, तणमोराचं असंच हाय. लोक म्हणते तो लपते. लपत नाही तो. पाऊस पडला का सोताच सांगते, मी अठी हाय म्हणून." मग त्याने पिशवीतून एक वही काढली. दोनशे पानी, दुकानातल्या हिशेबाची असते तशी. तिच्यात पाच पावसाळ्यांच्या नोंदी होत्या. पहिला पाऊस कधी झाला, पहिली उडी कोणत्या तारखेला दिसली, कोणत्या धुऱ्याजवळ, किती नर, शेवटची उडी कधी, गवत कधी कापलं, गुरं कधी सोडली.

पहिल्या पानावर एक नाव होतं. त्याच्या गावाबाहेरच्या पारधी बेड्यावरच्या एका म्हाताऱ्याचं. नावापुढे लिहिलं होतं : यांनी दाखवला. गाईच्या आडोशाने सरकत जाऊन फासे लावणारा तो माणूस. त्याने या पोराला तणमोर दाखवला, उडीचा आवाज ओळखायला शिकवला. १८७१च्या कायद्याने फासेपारध्यांसारख्या जमातींवर जन्मजात गुन्हेगाराचा शिक्का मारला. तो कायदा १९५२मध्ये गेला, शिक्का मनातून गेला नाही. १९७२मध्ये वन्यजीव कायदा आला, तो आवश्यकच होता, पण त्याने या लोकांचं कसबच गुन्हा ठरलं. त्यांना काय माहीत आहे हे मात्र कुणी विचारलं नाही. एका पोराने विचारलं, आणि वहीच्या पहिल्या पानावर नाव लिहिलं. न्यायशास्त्राने दोन हजार वर्षांत जे केलं नाही ते त्याने केलं होतं.

त्या मुलाने आम्हाला विचारलं, "सर, याचा काही अभ्यास असते का? कॉलेजात?" डेहराडूनला भारतीय वन्यजीव संस्थेत त्याच सुमारास वन्यजीवशास्त्राचा एम.एस्सी. अभ्यासक्रम सुरू झाला होता. मुंबईत सोसायटीत संशोधन चालू होतं. आम्हाला यातलं काहीच ठाऊक नव्हतं, आणि आम्ही शोधण्याचे कष्टही घेतले नाहीत. आम्ही म्हणालो, "आधी बी.ए. पूर्ण कर, बी.एड. कर, नोकरी बघ. हे छंद म्हणून ठीक आहे." तो म्हणाला, "बरं सर." वही मात्र आमच्याकडे ठेवून गेला, सवडीने वाचा म्हणून. आम्ही ती विभागातल्या कपाटात ठेवली. पुढच्या वर्षी तो कॉलेजात दिसला नाही.

निवृत्तीच्या वेळी कपाट रिकामं करायला घेतलं. खालच्या कप्प्यात वाळवी लागली होती. वही हातात घेतली तर पुठ्ठा तेवढा हातात आला, आत माती. ह्यूमची टिपणं चाकराने रद्दीत घातली असं आम्ही मघाशी सांगितलं. आमच्याकडची वही आम्हीच घातली. आणि पहिल्या पानावरचं ते नाव आम्हाला आठवत नाही. खूप प्रयत्न केला. आठवत नाही.

त्या वहीत काय होतं याची किंमत आम्हाला नंतर कळली. त्या पाच वर्षांत या भागात तणमोर किती होते, पावसाशी त्यांचं नातं काय होतं, गवत कापण्याच्या कोणत्या तारखेला अंडी वाचत होती, हे सगळं तिच्यात होतं. आज कुणी त्याच धुऱ्यावर जाऊन मोजलं तरी तुलना कशाशी करायची? भरतपूरची वही वाचली म्हणून औषधावर बंदी आली. आमची वाचली नाही.

मग विद्यापीठातला पक्षी अभ्यास म्हणजे नेमकं काय? डोळे विद्यापीठ देत नाही. ते त्या पोराकडे होते, म्हाताऱ्याकडे त्याहून चांगले होते. विद्यापीठ देतं ते तीन गोष्टींसाठी : पाहिलेलं अशा रीतीने लिहिणं की दुसऱ्याला तपासता यावं, लिहिलेलं टिकवणं, आणि कुणाकडून कळलं ते सांगणं. यातलं एकही आम्ही केलं नाही, आणि आम्ही विद्यापीठाचे पगारी माणूस होतो.

आता काळ थोडा बरा आहे. कारंजा इथल्या संवेदना संस्थेने फासेपारधी समाजालाच सोबत घेऊन तणमोर आणि माळरान राखण्याचं काम केलं आहे. ज्यांचा फासा होता त्यांचीच राखण, यापेक्षा शहाणपणाची गोष्ट दुसरी नाही. मुलांनो, तुमच्यासाठी वाटाही आहेत. अमरावती विद्यापीठाच्या कॉलेजातून प्राणिशास्त्र घेता येतं, पुढे डेहराडूनला जाता येतं, सोसायटीचे पक्षीशास्त्राचे छोटे अभ्यासक्रम आहेत. आणि काहीच जमलं नाही तरी मोबाइलवर ईबर्ड आहे, कॉर्नेल विद्यापीठाचं. तिथे नोंदवलेल्या यादीला वाळवी लागत नाही.

पण कागदाची वहीही ठेवा. तारीख, वेळ, जागा, किती दिसले, आणि दिसले नाहीत तर किती वेळ थांबून दिसले नाहीत. पहिल्या पानावर ज्याने दाखवलं त्याचं नाव लिहा, आजोबा असो, गुराखी असो, बेड्यावरचा कुणी असो. आणि शिक्षक मित्रांनो, असा कुणी पोरगा मागच्या बाकावरून उठून आला, तर त्याला बी.एड. कर म्हणण्याआधी त्याची वही वाचा. वाचून झाली की झेरॉक्स काढून ठेवा आणि मूळ वही त्याची त्याला परत द्या.

या सभेत एखादे वेळी तो माणूस बसलेला असेल, किंवा त्याला ओळखणारा कुणी. आता तो पन्नाशीच्या पुढे असेल. त्याला आमचा निरोप द्या की सरांना ते नाव हवं आहे. एवढं एक पान तरी पुन्हा लिहून घेऊ.